‘पित्त’ म्हणून दडपलेला जंतू

आपल्या वस्तीतील कोणत्याही दहा घरांत जा आणि औषधांचा डबा उघडून पाहा. तापाची गोळी असेल किंवा नसेल, पण पित्ताच्या गोळ्यांची अर्धी फाडलेली पट्टी सापडणारच. घरातला कर्ता माणूस सकाळी अनशापोटी ती गोळी घेतो, वर अर्धा कप चहा पितो आणि कामाला जातो. ‘मला पित्ताचा त्रास आहे’ हे वाक्य तो ‘माझी उंची साडेपाच फूट आहे’ अशा थाटात सांगतो. जणू पित्त हा त्याचा स्वभाव आहे, रोग नव्हे! वर्षानुवर्षे पोटात आग पडते, रात्री दोन वाजता कळ उठते, काही खाल्ले की तेवढ्यापुरते बरे वाटते आणि पुन्हा तेच. तरीही याला कारण असेल, ते शोधता येईल, ते कारण काढले तर रोग जाईल, असा प्रश्न घरातही कोणी विचारत नाही आणि नाक्यावरचा डॉक्टरही विचारत नाही. या न विचारण्याविषयी आज आम्हाला लिहायचे आहे.

निमित्त घडले ते आमच्या कार्यालयात. एका महानगरपालिकेच्या हद्दीत कंत्राटदाराकडे सफाईचे काम करणारे एक गृहस्थ थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन आले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे आमच्याच वयाचे, पण दिसत होते साठीचे. जयभीम झाला, कागद पुढे ठेवले आणि बोलता बोलता त्यांनी पोट दाबून धरले. विचारले तर म्हणाले, “काही नाही वकीलसाहेब, जुनं पित्त आहे. अकरा वर्षं झाली.” कंबर दुखते म्हणून वेदनाशामक गोळी रोजची, त्या गोळीने पोट जळते म्हणून पित्ताची गोळी रोजची. गेल्या महिन्यापासून शौचाला डांबरासारखे काळे होते, हेही त्यांनी सहज सांगून टाकले. काळे शौच म्हणजे पोटात रक्तस्राव होत असण्याची खूण आहे, हे त्यांना अकरा वर्षांत कोणीही सांगितले नव्हते. “तिखट कमी खा, टेन्शन घेऊ नका,” एवढा सल्ला मात्र प्रत्येकाने दिला होता. ज्याचा तीन महिन्यांचा पगार थकला आहे त्याने टेन्शन घेऊ नये, हा सल्ला देणाऱ्याच्या बुद्धीला काय म्हणावे!

आम्ही त्यांना आधी रुग्णालयात पाठवले, कागद नंतर पाहू म्हटले. दुर्बीण टाकून तपासणी झाली. जठराच्या खालच्या टोकाशी, जेथून लहान आतडे सुरू होते तेथे व्रण, म्हणजे अल्सर निघाला. तेथला तुकडा तपासला तेव्हा त्यात एक जंतू सापडला. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

या जंतूची कथा वैद्यकशास्त्राची असली तरी आम्हा वकिलांना ती खटल्यासारखी वाटते. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत असे लिहिलेले होते की, अल्सर हा जादा आम्लाचा, मसालेदार खाण्याचा आणि चिंतेचा रोग आहे. जठरातले आम्ल इतके तीव्र की तेथे जंतू जगूच शकत नाही, हा सिद्धान्त. मग उपाय काय? आयुष्यभर आम्ल कमी करणारे औषध घ्या, नाहीतर जठराचा तुकडा कापून काढा किंवा जठराकडे जाणारी नस तोडा. लक्षावधी माणसांची पोटे यासाठी फाडली गेली. आरोपी धरला होता तो रोग्याच्या स्वभावाला.

पुरावा मात्र जुनाच होता. क्राकोव्हचे पोलिश डॉक्टर व्हालेरी याव्होर्स्की यांनी १८९९ सालीच माणसाच्या जठरातील पाण्यात मळसूत्री आकाराचे जंतू पाहिल्याचे नोंदवले होते. पण १९५४ साली अमेरिकेतील डॉक्टर पामर यांनी हजाराहून अधिक लोकांच्या जठराचे तुकडे तपासले आणि जंतू सापडत नाहीत असा निर्वाळा दिला. जे रंगद्रव्य वापरून त्यांनी तुकडे तपासले त्यात हा जंतू नीट दिसत नाही, हे पुढे कळले. तोवर एका मोठ्या माणसाच्या निष्कर्षाने पुढच्या पंचवीस वर्षांचे दार बंद झाले. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक न्यायालयात नवखा वकीलसुद्धा जाणतो. तेथे तो विसरला गेला.

ग्रीसमधल्या मेसोलाँगी गावचे डॉक्टर जॉन लिकूडिस यांची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. त्यांना स्वतःलाच पोटाच्या विकाराने गाठले होते. प्रतिजैविके घेतल्यावर त्यांना बरे वाटले, आणि १९५८ पासून ते आपल्या अल्सरच्या रोग्यांना प्रतिजैविके देऊ लागले. हजारो रोगी त्यांच्याकडून बरे होऊन गेले. त्यांनी लेख पाठवले, ते परत आले. औषधाचे पेटंट घेतले, पण औषध कंपन्यांनी दाद दिली नाही. शेवटी १९६८ साली शिस्तभंगाच्या समितीने त्यांना मान्यता नसलेला उपचार केल्याबद्दल चार हजार द्राख्मांचा दंड ठोठावला. १९८० साली हा माणूस वारला. आपण बरोबर होतो हे त्याला कधीच कळले नाही. आमच्या मते दोष फक्त समितीचा नाही. लिकूडिस यांच्याकडे बरे झालेले रोगी होते, पण जंतू कोणता हे दाखवणारा साक्षीदार नव्हता, आणि उपचार घेतलेल्या व न घेतलेल्या रोग्यांची शिस्तीत केलेली तुलनाही नव्हती. केवळ ‘आमच्याकडे लोक बरे होतात’ एवढ्यावर दावा सिद्ध होत नाही. तसे तर प्रत्येक बुवा-बाबाही म्हणतो. पण दावा तपासून पाहायचा सोडून दंड ठोठावणे ही कोणत्या शास्त्राची रीत?

साक्षीदार मिळाला तो ऑस्ट्रेलियात. पश्चिमेच्या टोकाला पर्थ नावाचे शहर आहे. तेथील रॉयल पर्थ रुग्णालयात रॉबिन वॉरन हे जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचे काम करीत. १९७९ साली त्यांना एका तुकड्यावर वाकड्या जंतूंचा थर दिसला. मग त्यांनी मुद्दाम चांदीचा रंग देऊन तुकडे पाहायला सुरुवात केली, आणि जेथे जठराला सूज तेथे हा जंतू, असे दिसू लागले. सहकारी हसत. १९८१ साली बॅरी मार्शल नावाचा शिकाऊ डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी दुर्बिणीच्या तपासणीला आलेल्या शंभर रोग्यांचा अभ्यास केला. प्रयोगशाळेत जंतू वाढवायचा तर दोन दिवसांत काही उगवले नाही म्हणून बशा फेकून दिल्या जात, आणि तीसहून अधिक रोग्यांचे नमुने असेच वाया गेले. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा उबवणपेटीत चार-पाच दिवस तशाच राहिल्या आणि त्यावर जंतूंची वसाहत उगवलेली सापडली! हा जंतू सावकाश वाढणारा आहे, एवढेच कारण. ज्यांना आतड्याच्या तोंडाशी अल्सर होता त्या जवळजवळ सर्वांच्या जठरात तो होता.

१९८३ साली मार्शल यांनी आपला निबंध देशातल्या जठररोगतज्ज्ञांच्या संघटनेकडे पाठवला. सदुसष्टांपैकी छप्पन्न निबंध स्वीकारले गेले. यांचा नाकारला गेला. तेव्हा त्यांनी जे केले ते वैद्यकाच्या इतिहासात गाजले. १९८४ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आधी स्वतःचे जठर निरोगी असल्याची दुर्बिणीने खात्री करून घेतली आणि एका रोग्याच्या पोटातून काढून वाढवलेल्या जंतूंचा द्रव ते स्वतः पिऊन मोकळे झाले. आठवडाभरात मळमळ, ओकारी, तोंडाला दुर्गंधी. दहाव्या दिवशी दुर्बीण टाकली तेव्हा निरोगी जठराला सूज आलेली होती आणि जंतू तेथे वस्तीला होते. या प्रयोगाची परवानगी त्यांनी घेतली नव्हती, बायकोलाही आधी सांगितले नव्हते. कायद्याचे विद्यार्थी म्हणून आम्ही अशा प्रयोगाची शिफारस करणार नाही. पण एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. वैद्यकाच्या इतिहासात प्रयोगासाठी बहुतेकदा कैद्यांची, गुलामांची, काळ्या माणसांची, अनाथ मुलांची शरीरे वापरली गेली. मार्शल यांनी स्वतःचे शरीर वापरले.

येथेही पुराव्याची साखळी पूर्ण झाली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मार्शल यांना जठराची सूज आली, अल्सर झाला नाही. अल्सरचा पुरावा पुढच्या दहा वर्षांतल्या उपचारांच्या तुलनेने दिला. नुसते आम्ल कमी करून अल्सर भरला की औषध थांबवल्यावर वर्षभरात निम्म्याहून अधिक जणांना तो परत होई. जंतू मारला की क्वचितच परत येई. तरीही १९९४ उजाडावे लागले तेव्हा कुठे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ मंडळाने, जंतू असलेल्या अल्सरच्या रोग्याला प्रतिजैविक द्या, असे सांगितले. या दरम्यान रॅनिटिडीन हे आम्ल कमी करणारे औषध जगात सर्वाधिक खपाचे औषध बनले होते. जे औषध आयुष्यभर विकता येते त्याच्या जागी दोन आठवड्यांत संपणारा उपचार यावा अशी घाई कोणाला असणार? औषधे वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी वेदना थांबवल्या, अनेकांच्या शस्त्रक्रिया टाळल्या. आमचा आक्षेप कारण न शोधता लक्षण विकण्याला आहे. २००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरन २०२४ साली वारले.

आता हा जंतू आम्लात जगतो कसा? त्याची युक्ती साधी आहे. तो यूरिएज नावाचे विकर तयार करतो. जठरातल्या युरियाचे त्यामुळे अमोनियात रूपांतर होते, अमोनिया आम्लाला मारतो आणि जंतूभोवती आम्लरहित कवच तयार होते. मग शेपटीसारख्या तंतूंच्या जोरावर तो जठराच्या आतल्या बुळबुळीत थरात शिरतो आणि तेथे, आम्लापासून दूर, बिऱ्हाड करतो. श्वासाची चाचणी याच युक्तीवर बेतलेली आहे. रोग्याला खूण केलेला युरिया पाजतात. पोटात जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन डायऑक्साइड श्वासातून बाहेर येतो. म्हणजे चोरानेच आपला ठसा सोडावा तसे. काही जातींच्या जंतूंकडे ‘कॅगए’ नावाचे प्रथिन असते आणि ते जठराच्या पेशीत सुईने टोचावे तसे सोडले जाते. हे जंतू जास्त घातक.

हा आपला फार जुना सोबती आहे. आफ्रिकेतून माणूस सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी बाहेर पडला तेव्हा तो पोटात होताच. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पोटातही २०१६ साली त्याचा माग लागला, आणि गंमत म्हणजे त्या जंतूचे जवळचे नाते आज मध्य व दक्षिण आशियात सापडणाऱ्या जंतूंशी निघाले. शुद्ध रक्ताच्या बाता मारणाऱ्यांनी आपल्या पोटातल्या जंतूची वंशावळ एकदा तपासून घ्यावी.

जगातील सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू आहे. भारतात झालेल्या अनेक पाहण्यांत प्रौढांतले प्रमाण निम्म्याहून वर निघाले आहे. म्हणून घाबरून जायचे कारण नाही. बहुतेकांना तो आयुष्यभर काहीच करीत नाही. शंभरातल्या दहा ते वीस जणांना कधी ना कधी अल्सर होतो, आणि एक ते तीन जणांना जठराचा कर्करोग. पण एक-दोन टक्केसुद्धा निम्म्या जगाचे काढले की आकडा केवढा होतो पाहा. २०२२ या एका वर्षात जगात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ७० हजार नवे रोगी झाले आणि सुमारे ६ लाख ६० हजार मृत्यू झाले. यातील बहुतेक कर्करोगांमागे हा जंतू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत बसवले. जठरातील एका प्रकारची लसिकाग्रंथींची गाठ तर सुरुवातीच्या अवस्थेत केवळ जंतू मारल्याने विरघळते. प्रतिजैविकाने कर्करोग मागे हटावा, ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर त्यालाही दंड झाला असता!

भारताचे कोडे वेगळे आहे. येथे जंतू घरोघरी, पण जठराचा कर्करोग जपान-कोरियाच्या मानाने कमी. मिझोरामसारख्या ईशान्येकडील राज्यात मात्र तो खूप आहे. म्हणजे एकटा जंतू गुन्हा करीत नाही. त्याची जात, माणसाचे खाणे, मीठ, धुरावलेले मांस, तंबाखू असे साथीदार लागतात. म्हणूनच सरसकट सर्वांच्या तपासणीचा आग्रह येथे धरता येत नाही. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून घरोघर तपासून जंतू मारण्याची मोहीम घेतली, तेव्हा कर्करोगाचे नवे रोगी निम्म्याने घटले. जपानने २०१३ साली जठराची जंतुजन्य सूज असलेल्यांना हा उपचार सरकारी विम्यातून देऊ केला. त्यांचे गणित त्यांच्यासाठी बरोबर. या जंतूची सवय असलेल्या मुलांत दमा कमी आढळतो, असेही काही अभ्यासक मांडतात. तेव्हा ‘मारा सगळ्यांचा जंतू’ अशी घोषणा आम्ही देणार नाही. ज्याला त्रास आहे त्याचे कारण शोधा, एवढेच आमचे म्हणणे.

हा जंतू शिरतो बालपणी. आईच्या, भावंडांच्या तोंडातून, ओकारीतून, घाणीच्या हातांतून. पाण्यातून किती पसरतो याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण एका गोष्टीवर मतभेद नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे, शौचालय दूर आणि नळाला अर्धा तास पाणी, तेथे तो जास्त. ज्या देशांत घरे मोठी झाली, मोऱ्या बांधल्या गेल्या, तेथे लस नसताना पिढीगणिक तो कमी झाला. म्हणून हा प्रश्न नगरपालिकेचाही आहे. रतलाम नगरपालिकेने ‘गटारे बांधायला पैसे नाहीत’ असा बचाव केला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने, तो फेटाळून लावला. पैसे नाहीत ही सबब आरोग्याच्या वैधानिक कर्तव्यातून सुटका देत नाही, हा तो निकाल. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली अनधिकृत झोपड्यांतील माणसांनाही जगण्याच्या हक्काचा भाग म्हणून पाणी द्यावे लागेल असे म्हटले. चवदार तळ्याच्या लढ्याला २०२७ साली शंभर वर्षे होतील, आणि आमच्या बायाबापड्या अजून टँकरमागे धावतात.

आता उपचाराचे. आम्ल कमी करणारे औषध आणि त्याबरोबर दोन किंवा अधिक प्रतिजैविके, कधी बिस्मथही, साधारण चौदा दिवस. गोळ्या पुष्कळ, तोंड कडू, मळमळ. म्हणून लोक पाचव्या दिवशी सोडतात. अर्ध्यात सोडलेला उपचार म्हणजे जंतूला औषधाची तालीम देणे. आपल्या देशात मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांना हा जंतू आधीच मोठ्या प्रमाणात दाद देईनासा झाला आहे, आणि त्याला कारण तापालाही, सर्दीलाही दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली प्रतिजैविके. तेव्हा हा लेख वाचून कोणी दुकानात जाऊन ‘ते जंतूचे औषध द्या’ म्हणू नये. डॉक्टरला श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायला सांगा. चाचणीआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल, ओमिप्राझोलसारख्या गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविके बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असून दिसत नाही. रक्ताची चाचणी जंतू आता आहे की पूर्वी होता हे सांगत नाही. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जंतू गेल्याची खात्री करायची. आणि काळे शौच, रक्ताची ओकारी, कारण नसता वजन घटणे, घास अडकणे, रक्त कमी होणे, यांपैकी काही असेल तर चाचणीची वाट न पाहता दुर्बिणीची तपासणी. अल्सरचे दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. ओझी वाहणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसांच्या पोटात हे दोन्ही एकत्र येतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या उपचारांसाठी आहे. म्हणजे जठर कापायची वेळ आली तर सरकार पैसे देते, ती वेळ येऊ नये म्हणून करायच्या श्वासाच्या चाचणीचे माणसाने स्वतः पाहायचे. ही चाचणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि शौचाची चाचणी तालुक्यापर्यंत मोफत मिळावी, अशी मागणी आरोग्य खात्याकडे करायला आपल्या संघटनांना काय हरकत आहे?

आमच्या त्या गृहस्थांच्या कागदपत्रांत आणखी एक गोष्ट सापडली. पगाराच्या पावतीवर राज्य कामगार विम्याची कपात दर महिन्याला दाखवली होती. कार्ड मात्र त्यांना कधीच दिले नव्हते. म्हणजे बाह्यरुग्ण तपासणी, दुर्बीण, औषध यांचा हक्क त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतला होता, आणि अकरा वर्षे ते औषधाच्या दुकानात रोख मोजत राहिले. थकलेल्या पगाराच्या अर्जाला आम्ही ही तक्रारही जोडली. तारीख पडली आहे. उपचारानंतरच्या चाचणीत जंतू निघाला नाही, कंबरेची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आणि रात्री दोनची कळ थांबली आहे. गेल्या आठवड्यात ते आले तेव्हा सोबत पत्नी होती. पिशवीतून तिने औषधाचा डबा काढला. “वकीलसाहेब, हिलाही जुनं पित्त आहे,” ते म्हणाले. सोमवारी तिची तपासणी आहे.